बटण कुणी दाबलंच नाही तर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, म्हणजे बाईंनी उमेदीची वर्षं ज्या तंत्रशाळेत शिकवलं तिथले माजी प्राचार्य, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या बाई, समोर बसलेले सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, आणि माझ्या पाठीमागे गुरगुरत बसलेलं तपासणीचं यंत्र... सर्वांना माझा नमस्कार.

यंत्राला नमस्कार कशाला, असं पाहुण्यांना वाटलं असेल. सांगतो.

ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आम्ही कोडी बनवतो. शब्दकोडी नव्हेत. पडद्यावर एक रिकामा बोर्ड, बाजूला तारा, दिवे, बटणं आणि छोट्या छोट्या चिप. खेळणाऱ्याने तारा जोडायच्या, चिपमध्ये चार-सहा ओळींचा प्रोग्राम लिहायचा आणि सांगितलेलं काम करून दाखवायचं. चौकातला सिग्नल चालवा, लिफ्ट हव्या त्या मजल्यावर थांबवा, असं. जमलं की पुढचं कोडं. माझ्या मावशीला मी हे कितीदा समजावलं, तरी ती म्हणते, "म्हणजे तुला खेळायचा पगार देतात. मग डोळ्यांखाली काळं कशानं आलं?" मावशी आज सभागृहात आहे. मावशी, थोड्या वेळात कळेल कशानं आलं ते.

आमच्याकडे निरोपाची एक रीत आहे. जाणारा माणूस जाताना शेवटचं एक कोडं ठेवून जातो. त्याच्या खुर्चीवर जो बसणार, त्याने ते सोडवायचं. त्याने केलेली जोडणी यंत्रात घालायची, यंत्र ती शेकडो उदाहरणांवर तपासतं, आणि तोवर या बिचाऱ्याने यंत्राकडे पाठ करून निरोपाचं भाषण करायचं. शेवटी यंत्रावर हिरवा दिवा लागला तर कोडं खेळात जातं आणि जगभर कुणीही ते सोडवत बसू शकतं. लाल लागला तर कोडं कपाटात. कायमचं. जे घरच्याला सुटलं नाही ते बाहेरच्याच्या माथी मारायचं नाही, असा नियम. हा नियम केला कुणी? बाईंनीच. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते यालाच.

तर बाईंच्या खुर्चीवर उद्यापासून मी. माझी जोडणी यंत्रात आहे. तुम्हा सगळ्यांना पडदा दिसतोय, मला नाही. मागे वळून बघायची मला परवानगी नाही आणि खुणा करायची तुम्हाला नाही. म्हणून मी तुमच्या चेहऱ्यांकडे बघत बोलतोय, आणि तुमच्या तोंडावरची माशीसुद्धा हलत नाहीये. धन्य आहे तुमची!

असो. बाईंविषयी बोलायचं आहे.

बाई इथे आल्या तेव्हा आम्हाला वाटलं, शाळेतल्या बाई, या काय खेळ करणार! पहिल्या दिवशी मी त्यांना माझं एक कोडं दाखवलं. पाण्याची टाकी होती. टाकी रिकामी झाली की पंप सुरू, भरली की बंद. मी एवढा खूश होतो म्हणून सांगू, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "टाकी भरलीये हे सांगणारी तारच तुटली तर?" मी म्हटलं, "बाई, असं कोण करेल?" त्या म्हणाल्या, "कुणी करत नाही, आपोआप होतं." त्या दिवसापासून माझं नाव पडलं घाईसाहेब. अजूनही फोनवर त्या "घाईसाहेब आहेत का" असंच विचारतात, आणि आमच्या रिसेप्शनवरच्या ताई निर्लज्जपणे "हो, देते" म्हणतात.

प्राचार्य साहेब हसतायत, म्हणजे तंत्रशाळेतही हाच खाक्या असणार.

बाईंची शिस्त तर काय सांगावी! मीटिंगला बसलं की सगळ्यांचे फोन खणात. वाजला तर खण उघडायचा नाही. आणि आज? अध्यक्ष एवढं सुंदर बोलले, आणि सत्कारमूर्तींचा फोन हारतुऱ्यांच्या मधोमध, पडदा वर करून ठेवलेला. मी बघतोय बाई, तुमची नजर तिथून हलत नाहीये. आज खण कुठे गेला? जाऊ द्या, आज तुमचा मान आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. साहेब, मला थांबता येत नाही. यंत्र थांबेपर्यंत वक्त्याने बोलायचं, हा नियमही तुमच्याच सहीचा आहे. साधी उदाहरणं ते आधी घेतं, वात्रट शेवटी. आता कुठवर आलं असेल कुणास ठाऊक. पाणी घेतो, माफ करा.

हं. कोडं काय आहे ते तरी सांगतो. बोर्डावर एकच बटण. समोर तीन दिवे आणि एक बेल. एकदा दाबलं तर पहिला दिवा, दोनदा दाबलं तर दुसरा, तीनदा दाबलं तर तिसरा आणि सोबत बेल. खाली बाईंनी एकच ओळ लिहिली आहे: "दाबणाऱ्याला काय हवं आहे ते पलीकडच्याला कळलं पाहिजे." बस्स. बाईंचं शेवटचं कोडं एवढं सोपं? मला आधी वाईट वाटलं, मग संशय आला. बाईंचं सोपं म्हणजे वाघाचं गुरगुरणं थांबण्यासारखं. म्हणून मी सगळा वात्रटपणा करून बघितला. बटण दाबून धरलं, भराभर दाबलं, अर्धवट दाबून सोडलं. सगळीकडे माझी जोडणी बरोबर चालली. तरी कालपासून काहीतरी राहिलंय असं वाटतंय, काय ते सापडत नाही. गॅस बंद केला का, असं घराबाहेर पडल्यावर वाटतं ना, तसं.

विषयांतर झालं. बाईंबद्दल बोलताना त्यांच्या यजमानांना, आम्हा सगळ्यांच्या काकांना, विसरून चालणार नाही. काका रोज संध्याकाळी स्कूटरवरून बाईंना न्यायला यायचे. फाटकाशी थांबून हॉर्न वाजवायचे. आमचा पहिला-वहिला, लहान मुलांसाठी केलेला धडा काकांना कधी सुटला नाही. दिवा पेटवायचा होता फक्त! म्हणायचे, "घरी बटण दाबलं की लागतो, मग इथे एवढी तारांबळ कशाला?" पण हॉर्नची भाषा मात्र दोघांची पक्की. एकदा वाजला की बाई म्हणायच्या, "आले." दोनदा वाजला की, "पाऊस येतोय, छत्री मागतायत." तीनदा वाजला की खुर्चीतून उठत म्हणायच्या, "आता चिडले." आम्ही खूप हसायचो. मीच एकदा चेष्टेत विचारलं होतं, "आणि बाई, हॉर्न वाजलाच नाही तर?" तेव्हा बाई हसल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मग मी धावत खाली जाते..."

एक मिनिट.

थांबा. ताई, यंत्र थांबवा. आमच्या चित्रकार ताई यंत्राशी बसल्या आहेत, त्यांना सांगतोय. मी मागे वळत नाही, तुम्ही फक्त थांबवा. थांबलं? लाल तर नाही ना लागला... नको, सांगू नका.

अध्यक्ष महोदय, नियमात एक सवलत आहे. यंत्राला सापडायच्या आधी आपली चूक आपण चारचौघांत सांगितली, तर एकदा दुरुस्त करता येते. ती सवलत मी मागतो. चूक अशी आहे: बटण कुणी दाबलंच नाही तर काय, हे मी जोडलेलंच नाही. एकदा, दोनदा, तीनदा, सगळं आहे. पण दाबलंच नाही तर माझी जोडणी समजते की काही नकोय, सगळं ठीक आहे. तिन्ही दिवे बंद, बेल बंद, आणि पलीकडचा माणूस निवांत.

अहो, हे बटण मी पाहिलंय! काका आजारी पडल्यावर फळं घेऊन त्यांना भेटायला गेलो होतो. अर्धं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, एक हात तेवढा चालतोय. पलंगाच्या कठड्याला चिंधीने एक लाल बटण बांधलं होतं, आपल्याच नमुन्यांच्या डब्यातलं. मी काय म्हणालो असेन? "वा बाई, ऑफिसचं सामान घरी!" बाई हसल्या. चहा केला. काका बरे आहेत म्हणाल्या. आणि मी बिस्किटं खाऊन घरी आलो. डोळे असून आंधळा म्हणतात तो मी. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे कूस बदलून द्या, तीनदा म्हणजे लगेच या. आणि ते दाबलं की वाजतो तुमचा फोन. असंच ना बाई?

बाई हो म्हणून मान हलवतायत.

आणि मघाशी फोनवरून तुम्हाला टोमणा मारला मी. जीभ झडो माझी.

बरं. ताई, माझं ऐकून जोडा. एक घड्याळाची चिप घ्या. बटणाकडून एक तार तिच्या पुसायच्या टोकाला द्या. म्हणजे बटण दाबलं गेलं की घड्याळ पुसून पहिल्यापासून मोजायला लागेल. आणि कुणी दाबलंच नाही, तर ते भरत जाईल, आणि भरलं की बेल. घड्याळाकडून बेलला तार. झालं?

काय? ताई विचारतायत, घड्याळ भरायला वेळ किती द्यायचा?

कोड्यात तो आकडा नाही. मी ती ओळ पाठ केली आहे, त्यात आकडा नाही. कमी दिला तर काका नुसते झोपलेले असताना बेल वाजणार. जास्त दिला तर... बाई, रीत मोडून तुम्हालाच विचारतो. किती वेळ गप्प राहिल्यावर बेल वाजायला हवी?

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून बाई काय म्हणाल्या ते सांगतो. म्हणाल्या, "तेच मला ठरवता येत नाही, घाईसाहेब. म्हणून तर घरी चाललेय."

माफ करा, बाई.

आम्हाला वाटलं होतं बाई थकल्या. काही जण म्हणाले, नव्या चिप त्यांना जमत नाहीत. मी स्वतः म्हणालो असेन, नाही असं नाही. आणि बाई काय करत होत्या? इथे बसून घरच्या बटणाचा हिशोब करत होत्या. दिवसभर फोन वाजला नाही, तर ते बरं की वाईट, हे कोडं रोज डोक्यात घेऊन आमची कोडी तपासत होत्या. मीटिंगमध्ये फोन खणात टाकायचा आणि खणाशी सर्वांत जवळ स्वतः बसायचं, हे आज मला दिसतंय. भीती वाटते हो. एवढ्या वर्षांत जे शेजारी बसून दिसलं नाही, त्या खुर्चीवर बसून उद्या मला काय कपाळ दिसणार आहे?

ताई, वेळ सगळ्यांत कमी ठेवा. घड्याळाचा खटका अगदी डावीकडे. उगाच वाजली तर वाजू दे.

बाई म्हणतायत, "मग ती दिवसभर वाजेल. धावून धावून जीव जाईल."

धावू या ना. तुम्ही एकट्याने धावावं असं कोड्यात कुठे लिहिलंय? "पलीकडच्याला" लिहिलंय, पलीकडे कोण आणि किती जण ते नाही लिहिलं. दुपारचा मी येईन. मागे ताई हो म्हणतायत असं समोरच्या रांगेच्या चेहऱ्यांवरून दिसतंय, म्हणजे त्याही येतील. मावशी हात वर करतेय. मावशी, तुला पत्ता तरी माहीत आहे का? बरं, येईल तीही.

चालवा, ताई. जे उरलंय तेवढं चालवा.

मंडळी, आता शेवटचंच उदाहरण राहिलं असणार, न दाबल्याचं. माझ्याजवळ बोलायला काही उरलेलं नाही, आणि गप्प राहायची तर मला भीतीच बसली आहे. तेव्हा आभार मानतो. अध्यक्षांचे, त्यांनी घड्याळ बघूनही मला बोलू दिलं. प्राचार्य साहेबांचे, त्यांनी बाई आम्हाला दिल्या. आज घरी काकांजवळ बसलेल्या बाईंच्या जाऊबाईंचे, त्यांच्यामुळे बाई इथे येऊ शकल्या. आणि बाईंचे... बाई, तुमचे आभार मानायला—

वाजली. बेल वाजली!

हिरवा? खरंच हिरवा? अहो, आता तरी सांगा!

बाई, अहो बाई, उठलात कशाला? पर्स कशाला घेतलीत? ही यंत्राची बेल आहे. कोडं सुटलं, बाई. घरची नाही ही, बसा...

नाही. बसू नका. निघा तुम्ही.

शाल, श्रीफळ, हार, सगळं मी मागून घेऊन येतो. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, चेष्टा करू नये तिथे झाली असेल, तर पोटात घाला. आणि दारापाशी जी मंडळी उभी आहेत, त्यांनी टाळ्या नंतर वाजवाव्यात. आधी बाईंना वाट करून द्या.