आत्याच्या चेहऱ्यावरचा लाइट

भवानीबाई : परत लाव बघू. मी दार उघडते तिथून.

यशस्विनी : आत्या, किती वेळा बघणार?

भवानीबाई : अय्यो, माझीच फिल्म, मी नको बघू? काय दिसतेय बघ मी. मोरपंखी साडी नेसले ते बरं केलं. पलीकडची कृष्णवेणी रोज विचारते, कधी येणार, कधी येणार. आणि तू लॅपटॉपसमोर बसून रडतेस!

यशस्विनी : तुम्ही छान दिसताय, म्हणूनच रडतेय.

भवानीबाई : हे काय बोलणं झालं?

यशस्विनी : थांबा, इथं पॉज करते. तुमच्यासमोर कोण उभं आहे?

भवानीबाई : तो आपला बराका. टांझानियाचा. रूम विचारायला आलाय.

यशस्विनी : ते तुम्हाला माहीत आहे म्हणून. दिसतोय का?

भवानीबाई : शर्ट दिसतोय की. पांढरा.

यशस्विनी : चेहरा?

भवानीबाई : चेहरा... अंधार आहे गं तिथं.

यशस्विनी : अंधार नव्हता. भर सकाळी तुमच्या व्हरांड्यात शूट केलं आपण. डोळे दिपतील एवढं ऊन होतं. मी कॅमेऱ्याचा उजेड तुमच्या चेहऱ्यावर सेट केला. तुम्ही गोऱ्या. तुमच्यासाठी उजेड कमी केला, तर तो पूर्ण बुडाला. शूटला मदत करणारा रक्षित म्हणत होता, याच्यासाठी वेगळा लाइट भाड्यानं आणू या. मी म्हणाले, खर्च नको, चालेल. मॉनिटरमध्ये तुम्हाला बघितलं, झकास वाटलं, ओके म्हणाले. सगळं शूट होईपर्यंत त्याच्याकडे नीट बघितलंच नाही मी. आणि फिल्म कशावर आहे? काळ्या माणसाला कुणी नीट बघत नाही, त्याच्यावर!

भवानीबाई : रडू नको. परत शूट करा. मी येते, साडी तीच नेसते.

यशस्विनी : कॅमेरा मित्राचा होता, तो घेऊन गेला. रक्षित हैदराबादला नोकरीला लागला. आता एकच उपाय आहे. बेंगळूरला एक स्टुडिओ आहे, तिथं ग्रेडिंग करतात. एकेक शॉट घेऊन त्याचा चेहरा तेवढा हळूहळू वर काढतात. अर्धे पैसे आज संध्याकाळपर्यंत भरायचे. नाही भरले तर आमची तारीख ते दुसऱ्याला देणार. सोमवारी फेस्टिव्हलची मुदत संपते.

भवानीबाई : फत्तेसिंगरावांकडे गेली होतीस ना? आपल्या मैसूरच्या मराठा मंडळीत त्यांच्यासारखा देणारा नाही. माझं नाव सांगितलंस?

यशस्विनी : सांगितलं. कॉफी दिली, मंगळूर भजी दिली. म्हणाले, भवानीताईंनी काय काम केलंय! मग म्हणाले, आपले पूर्वज राजांच्या घोडदळात होते, त्यांच्यावर काढ, उद्याच चेक देतो.

भवानीबाई : आणि ह्या फिल्मला?

यशस्विनी : म्हणाले, तो मुलगा दिसत नाहीच आहे, तर काढूनच टाक. नुसता आवाज ठेव. मग आम्ही भवानीताईंचा फोटो पोस्टरवर घालू आणि पैसे देऊ.

भवानीबाई : ...पोस्टरवर?

यशस्विनी : आत्या!

भवानीबाई : नाही गं, सुम्ने विचारलं. सहज.

यशस्विनी : ऑनलाइन मागितले. मित्रांनी दिले, त्यांच्या मित्रांनी लाइक दिले. स्कूटर विकली. अप्पांना विचारलं तर म्हणाले, बी.एड. कर. आता तुम्हीच आहात. दुसरं कुणी नाही मला.

भवानीबाई : माझ्याकडे कुठले गं, कणे? तुझ्या मामांच्या, आमच्या ह्यांच्या, मागं मिळते ती पेन्शन औषधांत जाते. वरची रूम रिकामी पडलीय. भाडेकरू आला असता तर त्याचा अ‍ॅडव्हान्स आख्खा तुझ्या हातात ठेवला असता. देवाशप्पथ.

यशस्विनी : खरंच?

भवानीबाई : मी खोटं बोलेन?

यशस्विनी : भाडेकरू आहे माझ्याकडे. अ‍ॅडव्हान्स तयार ठेवलाय त्यानं. आज आणेल.

भवानीबाई : आणि आत्ता सांगतेस होय! फॅमिली आहे?

यशस्विनी : एकटा आहे. पीएच.डी. करतोय.

भवानीबाई : आयतू, झालं तर मग! चांगलंच आहे की. कुठला? हासनचा?

यशस्विनी : बराका. मित्राच्या खोलीत दाटीवाटीनं राहतोय. तिथल्या मालकानंही महिनाअखेर निघायला सांगितलंय.

भवानीबाई : यशू, मुलगा चांगला आहे. मी नाही म्हणत नाही. शूटिंगच्या वेळी माझी खुर्ची उचलून ठेवायचा, आम्मा म्हणायचा. पण घरात ठेवणं वेगळं. त्यांचे मित्र येणार, रात्री गाणी लावणार. काय शिजवतील कुणास ठाऊक. कृष्णवेणी काय म्हणेल? खाली मी एकटी बाई...

यशस्विनी : लॅपटॉप लावू?

भवानीबाई : कशाला?

यशस्विनी : हे सगळं आहे त्याच्यात. ह्याच क्रमानं. मित्र, गाणी, स्वयंपाक, शेजारीण.

भवानीबाई : ते डायलॉग होते!

यशस्विनी : मी फक्त एकच डायलॉग लिहिला होता तुम्हाला. "रूम गेली." बाकीचं तुम्ही घातलंत. तुम्ही बोलत राहिलात आणि मी कट म्हटलंच नाही. एका टेकमध्ये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भवानीबाई : म्हणजे मी तशी आहे म्हणून घेतलंस मला?

यशस्विनी : तुम्ही पैसे घेणार नव्हतात म्हणून घेतलं. आणि व्हरांडा फुकट होता म्हणून.

भवानीबाई : फार बोललीस. माझ्या मांडीवर वाढलीस तू.

यशस्विनी : ते दूध उतू जाण्याचंही तुम्हीच घातलंत. "आमच्यात नव्या घरात आधी दूध उतू जाऊ देतात, तुम्हा लोकांना काय कळणार?" शूट संपल्यावर त्यानं मला विचारलं, ते दुधाचं काय होतं? मी समजावलं. म्हणाला, छान आहे, मला येईल ते.

भवानीबाई : ...असं म्हणाला?

यशस्विनी : काल त्याला हे फुटेज दाखवलं, स्टुडिओचंही सांगितलं. वाटलं, चिडेल. तो हसला. म्हणाला, राहू दे, मैसूरमध्ये मी असाच दिसतो. मग म्हणाला, पण आईला पाठवायचंय. ती विचारेल, ह्यात तू कुठं आहेस?

भवानीबाई : आई आहे होय त्याला.

यशस्विनी : असणारच ना, आत्या!

(यशस्विनीचा मोबाइल वाजतो. ती वाचते.)

भवानीबाई : कोण? फत्तेसिंगराव?

यशस्विनी : स्टुडिओ. पैसे मिळाले म्हणतात. उद्यापासून काम सुरू करतो म्हणतात.

भवानीबाई : बघ! मी म्हटलं नव्हतं? चामुंडेश्वरीला हात जोड. आता तरी तोंड हसरं कर. कुणी भरले?

यशस्विनी : बराकानं.

भवानीबाई : त्याच्याकडे कुठून आले?

यशस्विनी : तोच अ‍ॅडव्हान्स. रूमचा. पावसाळ्यापासून बॅगेत घेऊन फिरतोय. आधी फोनवर सगळे हो म्हणतात, या म्हणतात. दारात गेला की रूम गेलेली असते. पैशांसोबत त्यानं लिहिलंय, "माझ्याकडून कुणी घेत नाही, तू तरी घे."

भवानीबाई : अय्यो देवा.

यशस्विनी : मला नको होते हे पैसे. सगळ्या जगाकडे मागितले, त्याच्याकडे नव्हते मागितले मी. चूक माझी, आणि स्वतःच्या चेहऱ्यावर उजेड पाडायचे पैसे त्यानं द्यायचे? आता महिनाअखेर जाणार कुठं तो? काय करू, आत्या? परत कुठून आणू?

भवानीबाई : पाणी पी आधी.

यशस्विनी : नको.

भवानीबाई : पी म्हणते ना. ...ते चित्र अजून तसंच उभं आहे बघ. मी दारात हात आडवा धरून. बांगड्या काय चमकतायत.

यशस्विनी : बंद करते.

भवानीबाई : राहू दे. यशू, आता तो आला, तर अ‍ॅडव्हान्स कुठून देणार?

यशस्विनी : नाही देणार. संपला.

भवानीबाई : बिन-अ‍ॅडव्हान्स कुणाला रूम देतं का मैसूरमध्ये? तुझे मामा असते तर त्यांनी मलाच घराबाहेर काढलं असतं.

यशस्विनी : माहीत आहे. मी निघते.

भवानीबाई : बस खाली. फोन लाव त्याला. लाव गं. माझ्याकडे काय बघतेस? कृष्णवेणीचं मी बघते. तिचा मुलगा रात्री काय गाणी लावतो, ते मीही सांगेन तिला.

यशस्विनी : वाजतोय... उचलत नाही.

भवानीबाई : परत लाव.

यशस्विनी : कट केला त्यानं. कुणाशी बोलायचं नसेल त्याला आज.

भवानीबाई : मग मेसेज टाक. माझं नाव घाल. लिही, रूम आहे.

यशस्विनी : अजून काही?

भवानीबाई : येताना अर्धा लिटर दूध आण म्हणावं.