लाल झालंय का?

...नाही, पण मला सांगा, मी काळी बाई, लाल कशी होणार? बसा, खुर्ची ओढून घ्या, हे लांबणार आहे. माझी आई कधी लाल झाली नाही, तिची आई नाही, मेम्फिसच्या उन्हात जन्मभर शाळेची बस चालवून मी झाले नाही, आणि छातीच्या कॅन्सरवर किरणं घ्यायला लागले तर नर्स रोज दारातूनच मान वाकडी करून विचारायची, "मिस व्हर्लीन, लाल झालंय का?" मी म्हणायची, "बाई, आग आग होतेय, भाजलेल्या रताळ्यासारखं वाटतंय." "पण लाल नाही ना? मग छान चाललंय." छान. सालपटं निघून ब्लाउजला चिकटायला लागली, इतकं छान.

असो, बरी झाले. आणि तुम्हाला सांगते, बऱ्या झालेल्या बाईला कोणी निवांत बसू देत नाही, तिला सल्लागार करतात. विद्यापीठातले लोक आले, म्हणाले, किरणांनी भाजलेल्या कातडीवरच्या मलमाचं संशोधन आहे, हे भोगलेल्या काळ्या बायका हव्यात. मी गेले, आमच्या चर्चमधली मैत्रीण सिस्टर ओझेला आली, चर्चमध्ये आम्ही सगळ्याच एकमेकींच्या सिस्टर. ओझेलाचा एक स्तन काढलाय, आवाज मात्र दुप्पट झालाय. बैठका चर्चच्याच तळघरात, म्हणजे खुर्च्या आम्हीच मांडायच्या. मोठे डॉक्टर पेनिंग्टन, भला माणूस हं, पण आवाज इतका मऊ की वाटावं घरात कोणी गेलंय... म्हणायचे, "मिस व्हर्लीन, आधी तुमचा प्रवास सांगा." मी सांगायची, रुमाल निघायचे, डोळे पुसून झाले की पडद्यावर पुन्हा तेच वाक्य: कातडी लाल झाली की मलम सुरू करावं.

मी म्हटलं, "डॉक्टर, आम्ही लाल होत नाही. आमची कातडी गडद होते, गरम लागते, ताणते."

"फार मोलाचं बोललात," ते म्हणाले आणि पुढच्या पानावर गेले.

पुढच्या बैठकीला परत प्रवास, परत रुमाल, परत लाल. ओझेला कानाशी म्हणाली, "अगं, प्रवासात एखादा अपघात घाल, तेवढा तरी लिहून घेतील." घातला की. भरलेली बस मिसिसिपी नदीत पडता पडता मी एका हाताने वाचवली. तेवढं लिहून घेतलं. लाल मात्र जागच्या जागी.

तेही चालवून घेतलं असतं, पण माझ्या बहिणीची किआना... तिला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणं पुढच्या महिन्यात, आणि तिचं नाव त्याच संशोधनात. पोरगी म्हणते, "मावशी, तू आहेस ना तिथे, मग मला कसली काळजी?" मी कुठे आहे तिथे? मी रुमालात आहे.

त्या महिन्यात खायला आणायची पाळी माझी होती. तळघराच्या स्वयंपाकघरात मक्याचा पाव भाजला, आमच्या आजीच्या काळ्या कुळकुळीत बिडाच्या तव्यात, आणि ओव्हनमधून काढून फडक्याने धरून तसाच त्यांच्यासमोर लाकडी पाटावर आणून ठेवला.

"आधी तुमचा प्रवास..."

"आज आधी तवा. डॉक्टर, लाल झालाय का?"

"नाही."

"मग छान चाललंय. जरा पलीकडे सरकवा."

तुम्हाला खरं वाटणार नाही, त्यांनी सरकवला. सांगितलं ते ऐकणारा माणूस हो, बिचारा. गोरं बोट, लगेच लाल. आणि मग काय ती धावपळ, एक बर्फाला पळतोय, एकजण मलम शोधतेय, एक खुर्ची देतोय... त्यांचा प्रवास कोणी विचारला नाही.

ओझेला म्हणाली, "लाल झालं, म्हणून मिळालं."

पेनिंग्टन बोटावर फुंकर घालत बसले. मग म्हणाले, "वाक्य काय असावं, सांगा." सांगितलं. गरम लागतंय का, दुखतंय का, आधीपेक्षा गडद दिसतंय का, आणि दारातून नाही, जवळ येऊन बघा. त्यांनी मंजुरीसाठी सगळ्यांच्या मागे लागून किआनाच्या आधी ते बदलून घेतलं, हे मान्य करायला हवं. पोरीची कातडी गडद झाली त्याच दिवशी मलम मिळालं. दुखलं, पण सालपटं नाहीत. फोनवर म्हणाली, "मावशी, तो पाव पाठव."

घरून पाठवीन, पण बैठकीत आता तो न्यायची सोय नाही. ते एक वाक्य बदलायला आमचे दोन हिवाळे गेले, पण बैठकीच्या खोलीच्या दारावर नवा नियम बोट भाजलं त्याच संध्याकाळी लागला: गरम भांडी आत आणू नयेत. अक्षरं एवढाली, लालभडक. म्हटलं चला... माझ्यामुळे शेवटी काहीतरी लाल झालं.