ती पाच वर्षं कुणाची होती?

अचानक गेले, अचानक गेले. आत्तापर्यंत तिघं बोलले आणि तिघांनीही तेच म्हटलं. अचानक कसले? वर्षभर मी त्यांना धरून उठवत होते, धरून बसवत होते. अचानक म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

मंडळी, एवढ्या उन्हाची तुम्ही बेहाल्याहून, खिदिरपूरहून आलात, बायामाणसं पोरं घेऊन आली. तुमचे उपकार आहेत. मला बोलता येत नाही. चौथीनंतर शाळा नाही. नवरा जाऊन महिना झाला नाही तोवर बाईनं शोकसभेत उभं राहू नये, हेही मला कळतं. पण पुन्हा सगळे एका जागी कधी सापडणार? तेव्हा अध्यक्षसाहेब, ते घड्याळ खिशात ठेवा.

मघापासून सगळे 'दुर्धर आजार' म्हणताहेत. त्याला नाव आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर. लघवीच्या वाटेवरची गाठ. लाजायचं काय त्यात? हेही लाजलेच. कचेरीतून यायला उशीर झाला की म्हणायचे, ट्राम रखडली. ट्राम कसली रखडते, ह्यांनाच वाटेत उतरावं लागायचं. कंबर धरली तर म्हणे गोदीतली खुर्ची वाईट. असं करत करत डॉक्टरकडे गेले तेव्हा उशीर झाला होता. किती उशीर, ते मला कुणी सांगितलं नाही.

डॉक्टर बंगाली, बोलणार इंग्रजीत. मला दोन्ही येत नाही. म्हणून आपले नानासाहेब बरोबर आले. आपल्या मराठी मंडळाची रीतच आहे ती. कुणाचं दुखणं असो, कोर्टकचेरी असो, नानासाहेब बरोबर. हे आणि नानासाहेब आत गेले, मी बाहेर बाकावर. बाहेर येऊन नानासाहेब मला म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. या दुखण्यात बहुतेक माणसं पाच वर्षं सहज काढतात." मी त्या दिवशी घरी येऊन शिरा केला. आठवतंय ना, नानासाहेब? तुम्ही दोनदा घेतला होता.

तेव्हाच आमच्या विजूला जहाजावर नोकरी लागत होती. विजू म्हणजे आमचा एकुलता एक. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, आई, बाबांना असं टाकून जाऊ का? मी काय सांगणार? मी नानासाहेबांचे शब्द पुढे केले. आणि हे? हे खाटेवरून म्हणाले, "जा रे. पाच वर्षांत तुझ्या चार खेपा होतील. परत येताना मला चांगलं घड्याळ आण." पोरगं हसलं आणि गेलं. अग्नी पुतण्यानं दिला.

गोळ्यांनी ह्यांची छाती बाईसारखी भरून आली होती. अंगातला सदरा काढू देईनात. मी म्हणायची, सोसा, पाच वर्षं आहेत. शेवटी शेवटी हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होता. मला माशीमा म्हणायचा, मावशी. त्याला मी मोडक्या हिंदीत विचारलं, पाच वर्षं कुठे गेली रे? त्यानं आधी ह्यांचे जुने कागद काढले. मग म्हणाला, ज्यांची गाठ जागच्या जागी आहे तोवर सापडते, त्यांची ती पाच वर्षं. तुमच्या साहेबांच्या तर पहिल्याच एक्स-रेत कण्यापर्यंत गेलेली दिसते. त्यांचा हिशेब निराळा. आणि तोही पुष्कळ माणसांवरून काढलेला, एकट्या माणसाची तारीख त्यातून निघत नाही.

मी अडाणी, पण मला ते समजलं. बेहाल्याहून निघालेल्या बहुतेक ट्रामी एस्प्लनेडला वेळेत पोचतात. खरं आहे. पण आमची ट्राम खिदिरपूरलाच रुळावरून घसरलेली डोळ्यांनी बघितल्यावर, आत बसलेल्या माणसाला कुणी ती वेळ सांगतं का?

मग ही दुसऱ्यांची पाच वर्षं आमच्या घरात कुणी आणून ठेवली? डॉक्टरनं अर्धंच सांगितलं? की पुरतं सांगितलं आणि दार उघडून बाहेर येईपर्यंत त्याचं अर्धं झालं?

नानासाहेब, खाली बघू नका. ह्यांना शेवटचं खाली उतरवलं त्या दिवशी जिन्यात तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, त्यांनीच मला सांगितलं होतं की..." तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि तुम्ही गेलात. त्यानंतर तेराव्यालाही आलात, जेवलात, पण माझ्याशी एकटे बोलला नाहीत. काय सांगितलं होतं ह्यांनी? की ते वाक्य तुम्हाला त्या जिन्यातच सुचलं? मेलेला माणूस साक्षीला येत नाही, म्हणून विचारते.

मला भांडायचं नाही. तुमच्या मनात वाईट होतं असंही मी म्हणत नाही. पण विजूचं जहाज पुढच्या गुरुवारी खिदिरपूरला लागतंय. तो उंबऱ्यात पाय ठेवण्याआधी विचारेल, आई, तुम्हाला माहीत असून मला पाठवलंत? ह्यांना माहीत असेल, तर मी पोराला छातीठोक सांगेन की बापानं तुला जाणून धाडलं, तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि माहीत नसेल, तर बाप आणि लेक दोघांचीही शेवटची भेट दुसऱ्याच कुणी ठरवली. यातलं कुठलं सांगू?

आता दोन मिनिटं सगळे उभे राहा. पोरांना गप्प करा. ह्यांना गलका आवडत नसे. नानासाहेब, तुम्हीही उभे राहा, आणि त्या दाराआड काय झालं ते तेवढ्यात नीट आठवून घ्या. बुधवारी दिवेलागणीला मी घरी आहे. एकटे या. ह्यांना माहीत होतं की नव्हतं, तेवढंच सांगा. बुधवारीच या. गुरुवारी ते मला सांगावं लागणार आहे.