सतरंजी ओढ्यावर टाका

जमलेल्या आयाबहिणींनो, भावांनो, आणि पुढं खुर्च्यांवर बसलेल्या नगराध्यक्षसाहेब, मुख्याधिकारीसाहेब,

मला भाषण येत नाही. मी सुमन. बाजारतळाच्या कोपऱ्यावर माझी पिठाची गिरणी आहे. दिवसभर गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. तेव्हा माइकवर मी ओरडतेय असं वाटलं तर समजून घ्या. खरं सांगू? आज ओरडावंसंच वाटतंय.

आपल्या वॉर्डाच्या नगरसेविका कौशल्याकाकी गेल्या. परवा त्यांचा तेरावा झाला. त्या गेल्यापासून माझा एका जागी पाय ठरत नाही. चहा ठेवते, उतू जातो. दळण घेते, कुणाचं ते विसरते.

आधीच्या लोकांनी काकींना मोठमोठे शब्द वाहिले. रणरागिणी काय, दीपस्तंभ काय. काकी असत्या तर माझ्या कानात म्हणाल्या असत्या, "सुमन, ह्यातलं एक तरी पचतंय का बघ." पण एकजण म्हणाले, काकींचं स्मशानाच्या रस्त्याचं स्वप्न शेवटी पूर्ण झालं. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! तिथून पुढं मला खुर्चीवर बसवेना.

स्वप्न पूर्ण झालं? कुणी बघून आलंय का?

काकींची बैठक तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी कधी हॉल मागितला नाही. तक्रार जिथली, बैठक तिथं. माझ्या गिरणीतली सतरंजी काखेत मारायची आणि निघायचं. नाली तुंबली तर नालीच्या काठावर. खालच्या गल्लीला पाणी येईना तर व्हॉल्व्हच्या खड्ड्याशेजारी. घंटागाडी येईना तर उकिरड्यापाशी. आपण कुरकुर करायचो, नाकाला पदर लावून बसायचो. नालीवरच्या बैठकीला एक साहेब आले, उभ्याउभ्या बोलून निघायला लागले. काकी म्हणाल्या, "बसा की साहेब. सतरंजी स्वच्छ हाय. घाण नालीत हाय." साहेब बसले. आणि दुसऱ्या दिवशी नाली उपसली. नाकात गेल्याशिवाय कागद हलत नाही, हे काकींना बरोबर कळलं होतं.

यंदा पावसाळा सुरू झाला आणि काकी गिरणीत आल्या.

"सुमन, उद्या सतरंजी दे. वड्यावर बसायचंय."

"कुठल्या वड्यावर?"

"मसनवाट्याच्या."

मी गिरणी बंद केली. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. माझी सासू आत बसली होती. ती म्हणाली, "कौशल्ये, डोकं फिरलं का? बायका तिथं जात्यात व्हय?"

काकी म्हणाल्या, "कुणाला पोचवायला न्हाई जायचं, मामी. रस्ता बघायला जायचंय."

आपल्यात बायका कोपऱ्यापर्यंत जातात. माझ्या गिरणीपाशी थांबतात, तिथून रडत माघारी फिरतात. पुढची वाट गड्यांची. माझा सासरा त्या वाटेनं गेला, माझा दीर गेला. ती वाट कशी आहे, मला ठाऊक नव्हतं. इथं बसलेल्या किती बायकांना ठाऊक होतं? सांगा की.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, बायका आणि वॉर्डातले गडीही. भीतभीत गेलो. दोन्ही काठांना बाभळी, मधी शेवाळलेले दगड आणि त्यावरून गढूळ पाणी. पलीकडं स्मशानाचं शेड. पूल नाही, पाण्यावर टाकलेली साधी फरशी नाही, काही नाही. सतरंजी टाकायला कोरडी जागा सापडेना.

एक बाई हळूच म्हणाली, "ह्यातनं नेता तुमी माणूस?"

सगळे गडी खाली बघायला लागले. निवृत्तीभाऊ, तुम्ही तिथं मागं बसलायत, रागावू नका. पण हे सांगितलंच पाहिजे. कुणाच्याही घरी कुणी गेलं की तिरडी बांधायला आणि पहिला खांदा द्यायला हे निवृत्तीभाऊ. ते काकींना म्हणाले, "वैनी, आता इथवर आलाव तर सांगतो. दादांना नेलं तवा पाणी मांडीपतूर होतं. माझा पाय निसटला. तिरडी कलली. आमी धरली, पडू दिली न्हाई. पर दादांच्या अंगाला पाणी लागलं."

दादा म्हणजे काकींचे मालक. त्यांना जाऊन वर्षं झाली होती.

काकी म्हणाल्या, "मग तवा का न्हाई सांगितलं?"

"काय सांगावं वैनी? घरात रडारड. त्यात ह्ये कुठं सांगावं?"

काकी पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बायका इथं येत न्हाईत. गडी घरी बोलत न्हाईत. मग ह्यो पूल मागणार कोण?"

बघा, इतकी साधी गोष्ट. नालीसाठी आपण भांडलो, पाण्यासाठी भांडलो, दिव्यासाठी भांडलो. ह्या ओढ्यासाठी कुणीच भांडलं नाही. गड्यांना वाटायचं, दुःखाच्या घरात तक्रार कशी करावी. आणि आम्हाला वाटायचं, आपलं माणूस नीट गेलं.

माघारी येताना काकी माझ्याबरोबर होत्या. त्यांचं माहेर सास्तूर. म्हणाल्या, "सुमन, भूकंपात माझे आई-बाप गेले. मी पोचले तवर सगळं उरकलं हुतं. कुणी नेलं, कसं नेलं, इचारावं तर कुणी शुद्धीवर न्हवतं. निदान मालकाचं तरी नीट झालं, ह्याच समाधानावर मी होते गं." एवढंच बोलल्या. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पण नगरपंचायतीच्या प्रत्येक सभेत पूल मागितला. उत्तर आलं, बघू. ओढ्यावर दुसरी बैठक ठेवली, मुख्याधिकारीसाहेबांना निरोप दिला. आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. साहेब, तुम्ही आला नाही. कामात असाल, मी नाही म्हणत नाही. पण काकी रस्त्याकडं बघत होत्या, हे मी बघितलंय.

आणि मग एका सकाळी काकी अंगण झाडताझाडता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

लेक पुण्याहून यायची होती, म्हणून माती दुसऱ्या दिवशी दुपारी ठरली. त्या सकाळी माझ्या गिरणीसमोरून टिप्पर गेला. मागून दुसरा. मुरूम ओढ्यात पडला, वर रोलर फिरला. जो रस्ता काकी जित्या असताना होत नव्हता, तो दुपारच्या आत झाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रिवाजाप्रमाणं आम्ही बायका गिरणीपाशी थांबलो. गडी माघारी आले, म्हणाले, "कोरड्या पायानं नेलं काकींना." आम्ही हात जोडले. पुन्हा एकदा आम्ही न बघताच समाधान मानलं!

तो मुरूम काकींसाठी पडला होता का? त्या दिवशी बाहेरून मोठी माणसं येणार होती. त्यांच्या गाड्या पलीकडं जायला हव्या होत्या.

परवा दुपारी पाऊस झाला. आज सकाळी मी ओढ्यावर गेले. एकटी गेले, कुणाला विचारलं नाही. मुरूम वाहून गेलाय. लाल पाणी, आणि खाली तेच दगड. हे तुमचं पूर्ण झालेलं स्वप्न.

मी एवढी का चिडलेय, तेही सांगते. माझी सासू, काकींना वेडं ठरवणारी, महिन्याभरापासून अंथरुणाला आहे. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. आज मी ओढ्यावरून आले, पाय धुतले. तिनं माझ्या लुगड्याचा ओला काठ बघितला. म्हणाली, "सुमे, वड्याला लई पाणी हाय का गं?"

काय सांगू मी तिला? तिला मरणाची भीती नाही. ती आभाळाची चौकशी करते. खिडकीतून ढग दिसला की गप्प होते. आता गड्यांनी मला येऊन सांगायचं, सुमनवैनी, मामींना कोरडं नेलं, आणि मी ते खरं मानायचं? नाही मानणार. मला त्या वाटेवर पूल पाहिजे. ती आहे तोवर पाहिजे, म्हणजे मला तिला सांगता येईल. नाही झालं तर तिला नेताना मी गिरणीपाशी थांबणार नाही. पाण्यात उतरेन.

ह्या सभेच्या शेवटी दोन मिनिटं उभं राहायला सांगायचं काम माझ्याकडं दिलंय. मी सांगणार नाही. इथं नाही. पंख्याखाली, ह्या खुर्च्यांवर काकींची सभा घेतली, हीच आपली चूक झाली. तक्रार जिथली, बैठक तिथं. विसरलो का आपण इतक्यात?

सतरंजी मी आणलीय. दाराशी गुंडाळून ठेवलीय. ओढा इथून लांब नाही. बायांनो, तुम्हीपण चला, कोपऱ्यावर थांबू नका. निवृत्तीभाऊ, तुम्ही पुढं व्हा, पाय कुठं निसटतो ते तुम्हालाच ठाऊक. नगराध्यक्षसाहेब, मुख्याधिकारीसाहेब, तुम्हाला मधली जागा. सतरंजी स्वच्छ आहे.

तिथं बसू. काकींसाठी जेवढं गप्प राहायचं, तेवढं पाण्याकडं बघत गप्प राहू. मग बोलू.

काकी, राम राम. बैठकीला निघालो आम्ही.