सातवी पोळी

पद्मावती : नेम मोडला न्हाई म्हणता? सात पोळ्या झाल्या की ओ!

तात्यासाहेब : मुनिमहाराजांपुढं काय बोललो? जेवणात पाचच वस्तू. मोज. पुरणपोळी, तूप, दूध, आमटी, भात. झाल्या पाच.

पद्मावती : आन् पोळ्या सात!

तात्यासाहेब : अगं, वस्तू एकच की ती.

पद्मावती : सरकारनं साखर रेशनवर आणली, तर तुमी गुळावर वाढताय.

त्रिशला : आप्पा, डॉक्टर काय म्हणाले? वजन उतरल्याशिवाय बाळाला घेऊन बाहुबलीचा डोंगर चढायचा नाही.

तात्यासाहेब : नातीला माझ्याच हातानं वर न्यायची. देवाला शब्द दिलाय.

पद्मावती : गेल्या साली अर्ध्यातनं डोलीत बसलात. चार गडी होते, त्यांनी पाचव्याला हाक मारली.

तात्यासाहेब : वाट निसरडी हुती.

त्रिशला : भर उन्हाळ्यात?

पद्मावती : ते ऱ्हाऊ द्या. सातवी पोळी कशी लागली?

तात्यासाहेब : कुठली सातवी?

पद्मावती : आत्ता गिळलीत ती.

तात्यासाहेब : लागली... पोळीवानी. पयली मातुर लय झ्याक! जायफळ सढळ पडलंय.

त्रिशला : म्हणजे पहिली खाल्लीत. बाकीच्या सहा नुसत्या पोटात गेल्या.

तात्यासाहेब : दुकान बंद करून पळत यायचं, दिवस मावळायच्या आत ताट उरकायचं. चव घ्यायला सवड कुठाय?

पद्मावती : मग उद्यापासनं दुकान तासभर आधी बंद. आन् नेमात माझी एक भर. खाल्लेली कशी लागली ते सांगायचं, तवाच पुढची वाढणार.

(दोन महिन्यांनी. पुन्हा पुरण शिजलंय. ऊन अजून ओसरीवर आहे.)

त्रिशला : आप्पा, कोट किती ढिला झालाय! उद्या डोंगर, लक्षात आहे ना?

तात्यासाहेब : ध्यानात हाय. ही पयली... कडंला खरपूस. तूप पार आत मुरलंय.

पद्मावती : बरं. ही दुसरी.

तात्यासाहेब : हिच्यात पुरण काठापातुर गेलंय. एवढी पातळ, तरी फुटली न्हाई. हात हाय गं तुझा!

पद्मावती : इतक्या वर्सांत कवा बोलला न्हाईत.

त्रिशला : आई, लाजतेस काय, तवा बघ!

तात्यासाहेब : तिसरी... तिसरी...

पद्मावती : सांगा की.

तात्यासाहेब : दुसरीसारखीच. खरं सांगू? भूक कवाच भागली. हात आपला सवयीनं जातोय.

पद्मावती : मग ही चवथी झाकून ठेवते.

तात्यासाहेब : झाकतीस कशाला? बस हितं. तव्यावरची पोळी तू कवा खाल्लीस?

पद्मावती : मी? समद्यांचं झाल्यावर... गार झालेली...

तात्यासाहेब : त्रिशला, बाळ माझ्याकडं दे आन् तवा धर. हं, खा. कशी लागली?

पद्मावती : थांबा की. तोंडात हाय अजून.