चालू मोटरवर

झिपरू: म्हंजे नळी छातीत, अन् तुम्ही जाशाल मांडीतून? डॉक्टरसाहेब, मन्हं तर डोकंच चालत नही.

डॉक्टर: नाना, सुगंधाबाईंचा कॅन्सर बरा झालाय. केमोसाठी गळ्याखाली बसवलेली नळी आज काढायची होती, तर ती आतच तुटलेली निघाली. तुकडा वाहत जाऊन हृदयात अडकलाय.

झिपरू: पन तिले काही दुखत नही! काल रात्री कळण्याची भाकर खाल्ली ठेचा लावून.

डिंपल: ओ नाना, आईला आज दुखत नाही. उद्या तो तुकडा फुफ्फुसात गेला तर?

झिपरू: थांब डिंपे. केळीत ठिबकची नळी तुटते, तुकडा पुढं जाऊन अडकतो. तसंच ना?

डॉक्टर: अगदी तसंच.

झिपरू: मंग शेवटचं बूच काढा अन् जोरात पानी सोडा! अडकलेलं बठ्ठं बाहेर पडतं. पायाच्या अंगठ्याले जराशी चीर दिली का...

डिंपल: आई काय केळीचा बाग आहे का?

डॉक्टर: रक्त गोल फिरतं नाना, त्याला शेवटचं बूच नसतं. मांडीच्या शिरेतून बारीक तार वर न्यायची. तिच्या टोकाला फास असतो. पडद्यावर बघत तुकडा फासात धरायचा आणि आल्या वाटेनं बाहेर ओढायचा. छाती फाडायची नाही.

झिपरू: नको. राहू द्या तसंच.

डिंपल: अहो, पण का? एवढं काय घाबरता?

झिपरू: नळी जोडायच्या आधी मी काय करतो, सांग बरं.

डिंपल: मोटर बंद करता.

झिपरू: मंग? अन् आपली मोटर जुनी शे, डिंपे. एकदा बंद केली, परत नही चालली, तं मी काय करू?

डिंपल: नाना...

डॉक्टर: नाना, मोटर बंद करायचीच नाही. त्या जाग्या असतील, बोलत असतील.

झिपरू: चालू मोटरवर?

डॉक्टर: चालू मोटरवर. धोका अजिबातच नाही असं नाही म्हणणार. पण तुकडा ठेवण्यात जास्त आहे.

झिपरू: मले काहीच समजत नही. डिंपे, तूच सांग.

डिंपल: काढू द्या, नाना.

झिपरू: न्या मंग. हळू न्या.

(काही वेळाने. आतलं दार उघडतं.)

डॉक्टर: हा बघा तुकडा, या बाटलीत.

झिपरू: एवढास्सा? शेवईसारखा?

डिंपल: बाटली नीट धरा नाना, पडेल.

झिपरू: तूच धर. डॉक्टरसाहेब, मोटर?

डॉक्टर: चालू आहे. मघापासून एकच विचारतायत, ह्यांनी चहा घेतला का.