कावळ्यासमोरचा धडा

तुमी हसान, पण मी एका कावळ्याले प्राणीशास्त्र शिकवलं हाय.

आर्णीत आमच्या शेजारी गुलाबकाका राहतात. काकू आजारी पडली तवा त्यायनं कळंबच्या चिंतामणीले नवस बोलला, "हिले बरं कर, मी मासोळी सोडतो." पण मासोळीबिगर काकाले जेवण जाये ना. काकूनं अंथरुणावरूनच मले इचारलं, "सर, तुमी कॉलेजात शिकवता. झिंगा मासोळीत मोडते काय?"

म्हटलं, "नाही काकू. त्याले पाठीचा कणाच नाही. तो खेकड्याच्या भावकीतला."

काकू खूश झाली. कशीबशी उठली अन् सुक्या झिंग्याची चटणी केली. काका पोटभर जेवले.

पुढच्याच महिन्यात काकू गेली.

दहाव्याले नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवून नाही राह्यला. पोरीले सांभाळतो म्हणून झालं, तुह्या शेळ्या इकत नाही म्हणून झालं. शेवटी काका मले म्हणाले, "सर, तिले वाटत असन, आपल्याच हातानं नवस मोडला. तुमी सांगा तिले."

मी हात जोडले. वर्गात सांगतो तसंच सांगितलं, "काकू, झिंगा मासोळी नाही. दहा पायाचा, बिनकण्याचा जीव हाय. नवस मोडला नाही."

कावळा आला अन् शिवला. सगळे सुटल्यासारखे उठले.

काका तेवढे बसून राह्यले. मले म्हणे, "नवस मोडला नाही, तर मंग ती गेली कायले, सर?"